नागपुरात कूलर म्हणजे काय, ते आधी ठरवा

"बाबा, या उन्हाळ्यात वॉटर कूलर घ्यावाच लागेल," पोरगं म्हणालं आणि मला भरून आलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला घरातल्या उकाड्याची काळजी वाटली होती. आमच्या हॉलमधला कूलर तसा निवृत्तीला आलाच आहे. खालचा पत्रा गंजलाय, टाकीला तीन ठिकाणी एम-सील आहे. मी उत्साहानं म्हणालो, "घेऊ की. पण फायबरचा नको, लोखंडीच घेऊ. ताटी मात्र वाळ्याची."

बँकेच्या खिडकीमागचा माणूस पावसात भिजलेल्या पासबुकाकडे बघतो, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. "बाबा, प्रोसेसरसाठी."

म्हणजे आई-बाप 44 डिग्रीत. आणि नखाएवढ्या सिलिकॉनला वॉटर कूलर.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करतो. आमच्याकडे कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, तळाशी टाकी आणि टाकीत मुठीएवढा पंप. पंप पाणी वर चढवतो, पाणी ताट्यांवरून झिरपतं, पंखा बाहेरची रखरखीत हवा त्यातून आत ओढतो. वाळणारं पाणी हवेतली उष्णता सोबत घेऊन जातं. एक लिटर पाणी वाळायला साधारण 2,400 किलोज्यूल लागतात आणि ते सगळे हवेच्या खिशातून जातात. म्हणून बाहेर 44 असताना आत तिशीच्या आसपास माणसासारखं बसता येतं. मुंबईच्या हवेत आधीच पाणी ठासून भरलेलं, ती आणखी घेत नाही. तिकडे हा कूलर लावला तर माणूस थंड होत नाही, नुसता ओला होतो. पावसाळा लागला की महापालिकेची माणसं येऊन याच टाकीत डेंग्यूच्या अळ्या शोधतात. इतकं आमचं नि कूलरचं नातं घरगुती आहे.

त्यामुळे 'पाण्याचा कूलर' या विषयात मला कोणी शिकवू नये, असं माझं मत होतं. पोरानं पुढच्या पंधरा दिवसांत ते मोडीत काढलं. अर्थात त्याचंही मत मोडलंच. ते कसं, ते सांगतो.

आधी पंथ समजून घ्या. गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवणाऱ्या पोरांत दोन पंथ आहेत, हवावाले आणि पाणीवाले. तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून ही पोरं तासभर भांडू शकतात. पोह्यावर तर्री किती, यावर पूर्वी भांडणं व्हायची. पिढीचा ऱ्हास म्हणतात तो हाच. कूलरांची नावंही अशी, की घरात आणायची भीती वाटावी. एकाचं नाव क्रॅकन, म्हणजे जहाजं गिळणारा समुद्रातला राक्षस. दुसऱ्याचं पीअरलेस असॅसिन, म्हणजे ज्याला तोड नाही असा मारेकरी. हिनं विचारलं, "शीतल, हिमानी असं काही नसतं का?"

नसतं. एक ऑस्ट्रियाची नॉक्टुआ आहे, तिचं नाव सौम्य आहे, पण तिचे पंखे तपकिरी आणि बिस्किटी रंगाचे. सरकारी विश्रामगृहाचे पडदे आठवतात. पोरगं म्हणतं, हवेच्या कूलरमधलं हे घराणं. त्यांचा एनएच-डी15 हा दोन मनोऱ्यांचा कूलर 2014 साली आला आणि पुढची सुधारित आवृत्ती काढायला त्यांना 2024 उजाडलं. दहा वर्षं एकच माल, आणि तरी लोक रांगेत. मराठी प्रकाशकांनी अभ्यास करावा.

बर्डीच्या बाजारात कूलर बघायला गेलो. दुकानदारानं पोराकडे एकदा बघितलं, माझ्याकडे दोनदा बघितलं आणि पैसे कोण देणार ते ओळखून माझ्याकडेच वळला. "काका, पाणीवालाच घ्या. आजकाल सगळे तोच घेऊन राहिले."

खोकं उघडलं. आत 360 मिलिमीटरचा रेडिएटर, म्हणजे हातभर लांबीची जाळीदार पट्टी. तिला 120 मिलिमीटरचे तीन पंखे. दोन काळ्या रबरी नळ्या. आणि नळ्यांच्या टोकाला डबीएवढा पंप, ज्याच्या डोक्यावर गोल काचेचा पडदा.

"हा पडदा कशाला?"

"तापमान दिसते काका. फोटो पण लावता येते."

"कोणाचा?"

"कोणाचा पण लावा."

"टेकडीच्या गणपतीचा लागेल?" हिनं विचारलं.

"गणपती तर हलता पण येते मावशी."

इथे आमच्या घरातलं एक मत फुटलं. पोराला तिथे जपानी कार्टूनमधली निळ्या केसांची मुलगी लावायची होती, हे दुकानदारानं बोलता बोलता उघड केलं नसतं तर बहुमतानं सोळा हजार गेलेच होते. प्रोसेसर थंड करणं हे निमित्त आहे, हे माझ्या तिथे लक्षात आलं. काचेच्या भिंतींची पेटी, आत रंगीत दिवे, मधोमध पडदा. या पेट्यांना ही पोरं स्वतःच 'फिश टँक' म्हणतात. मासा सोडला तर सगळं आहे.

मी मोजदाद केली. पाण्याच्या कूलरला तीन पंखे आणि वर एक पंप. शेजारी ठेवलेल्या हवेच्या कूलरला दोन पंखे, पंप नाहीच. म्हणजे हवेच्या कूलरला लागते त्यापेक्षा जास्त हवा पाण्याच्या कूलरला लागते. हे बोलून दाखवलं तर दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही इंजिनियर का?" नाही हो. मी फक्त कूलरची टाकी गेली तीस वर्षं भरतोय.

आणखी एक गंमत पोरानं घरी आल्यावर सांगितली. या पाणीवाल्यांच्या दुनियेत वेगवेगळ्या नामांकित ब्रँडांच्या लेबलाखाली वर्षानुवर्षं पंप एकाच डॅनिश कंपनीचा असायचा. तिचं नाव आसेटेक. पंप आणि प्रोसेसरवर टेकणारा तांब्याचा ठोकळा एकाच डबीत बसवण्याचं पेटंट तिचं, आणि त्यावरून तिनं स्पर्धकांना अमेरिकेत कोर्टात खेचून 2014 साली ज्यूरीचा निकालही पदरात पाडून घेतला. आपल्याकडे लग्नं वेगळी, मंगल कार्यालयं वेगळी, पण मठ्ठा सगळीकडे एकाच केटररचा असतो, तसं.

आता आतली गोष्ट. ती कळल्यापासून मी कोणत्याच पंथाचा राहिलो नाही.

हवेच्या कूलरमध्ये पाणी असतं.

होय. ते जे तांब्याचे वाकवलेले पाइप दिसतात ना, बोटापेक्षा बारीक, साधारण 6 मिलिमीटर जाडीचे, ते भरीव नसतात. दोन्ही टोकं बंद, आतली हवा काढून घेतलेली आणि आत पाण्याचे मोजके थेंब. आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर. हवा काढल्यामुळे आतला दाब कमी, म्हणून पाण्याला वाफ व्हायला शंभर डिग्रीची वाट बघावी लागत नाही. प्रोसेसरकडचं टोक तापलं की तिथलं पाणी उष्णता घेऊन वाफ होतं, वाफ पळत दुसऱ्या टोकाला जाते, तिथे अॅल्युमिनियमच्या पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि तो सच्छिद्र थर ते पाणी टिपकागदासारखं शोषून परत आणतो. ना पंप, ना मोटर, ना वीज. गेम चालू आहे तोवर हे रहाट चालू. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 साली ही नळी सिद्ध केली. त्यांच्या डोक्यात अंतराळातली यंत्रं होती. आमच्या पोराच्या डोक्यात काउंटर-स्ट्राइक आहे.

म्हणजे हे काय झालं? माठ झाला. पाण्याची वाफ होताना ते उष्णता उचलतं, हे माठाचं शास्त्र, ताटीचं शास्त्र, ते या तथाकथित हवेच्या कूलरच्या पोटात बसलंय. माठातली वाफ उडून जाते, इथली परत येते, एवढाच फरक.

आणि पाण्याच्या कूलरमध्ये? तिथे पाण्याची वाफ होतच नाही. बंद नळीतलं पाणी (त्यात गंजू नये म्हणून औषध टाकलेलं असतं) प्रोसेसरपाशी थोडं तापतं, नळीतून रेडिएटरपर्यंत चालत जातं, पंख्यांच्या हवेत थोडं निवतं आणि परत येतं. शुद्ध हमाली. उष्णता डोक्यावर घ्यायची, तिकडे नेऊन टाकायची. पाणी हमाल उत्तम आहे, वादच नाही. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते तीन हजारपटींहून जास्त उष्णता वाहतं. पण शेवटी ओझं उतरवायचं ते हवेतच. दोन्ही कूलर खोलीच्या हवेपेक्षा एक डिग्रीही खाली जाऊ शकत नाहीत. आमचा एम-सील लावलेला पत्र्याचा कूलर ते करून दाखवतो. सोळा हजारांच्या राक्षसाला जे जमत नाही, ते वाळ्याच्या ताटीला जमतं. हे वाक्य मी पोराला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा त्यानं हेडफोन लावला.

त्याच आठवड्यात कूलरवाला मिस्त्री ताट्या बदलायला आला. दरवर्षी येतो. जुनं गवत ओरबाडून काढतो, जाळीवर साचलेला बोअरच्या पाण्याचा पांढरा खवला पान्यानं ठोकून पाडतो, नवं गवत दाबून भरतो आणि तोंडातला खर्रा न सांडता जगातल्या कुठल्याही विषयावर बोलतो. पोरगं मोबाइलवर कोणाच्या तरी कॉम्प्युटरचा फोटो बघत होतं. मिस्त्रीनं मान वळवून बघितलं.

"हे काय आहे भाऊ?"

"लिक्विड कूलर. हा रेडिएटर, हा पंप."

"पंप वर आणि हे जाळीचं खाली?" मिस्त्रीनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. "चुकीचं बसवून राहिले. हवा वरच जमा होते ना. पंपानं हवा धरली की आधी घरघर करते, मग जळते."

पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण 2020 साली गेमर्स नेक्सस नावाच्या अमेरिकी चॅनेलनं नेमकं हेच समजवायला एक आख्खा व्हिडिओ केला होता. पंप हा त्या नळ्यांच्या फेऱ्यातला सगळ्यात उंच बिंदू असता कामा नये, रेडिएटरचा वरचा भाग त्याच्या वर हवा, म्हणजे बुडबुडे तिथे जाऊन बसतात. जगभरच्या पोरांनी तो बघून आपापल्या पेट्या उघडल्या. मिस्त्रीनं ते ताटी भरता भरता सांगितलं, आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

"पाणी केव्हा बदलते याचं?" त्यानं विचारलं.

"बदलायचंच नाही. सीलबंद असतं."

"आटत नाही?"

"आटतं थोडं. रबरी नळीतून. पाच-सहा वर्षं जातं."

"मंग?"

"मग नवीन घ्यायचा."

मिस्त्री बराच वेळ काही बोलला नाही. ताटीचा शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर म्हणाला, "धंदा चांगला आहे."

बरं, आता आकड्यांकडे. कारण गेमिंगवाल्यांशी भावनेनं बोलून उपयोग नसतो.

पोराचा प्रोसेसर म्हणजे एएमडीचा रायझन 7 7800एक्सथ्रीडी. 2023 चा, खास गेमवाल्यांचा लाडका. खोक्यावर 120 वॉट लिहिलंय, पण नुसता गेम चालू असताना तो साधारण पन्नास ते ऐंशी वॉटच्या आसपास खातो. जुना पिवळा बल्ब आठवा, साठचा किंवा शंभरचा. त्याच्यासाठी ही सगळी धावाधाव. त्याच पेटीत खाली आडवं झोपलेलं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स 4070, ते एकटं 200 वॉट ओढतं. त्याला कंपनीनंच बसवून दिलेले पंखे आहेत, आणि त्याच्या थंडाव्यावर तर्री पोह्याच्या ठेल्यावर कोणी भांडत नाही. घरातला थोरला मुकाट्यानं राबतो आणि धाकट्याच्या सर्दीवर कुटुंबसभा भरते, हा प्रकार मी आमच्या वाड्यातही बघितलाय.

दोघांची बेरीज करा, वर मदरबोर्ड, मॉनिटर वगैरे किरकोळ मंडळी धरा. साडेतीनशे वॉटच्या घरात जातं. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि खोलीत येते. कूलर हवेचा असो की पाण्याचा, खोलीत येणाऱ्या उष्णतेत फरक शून्य. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता टाकतो. म्हणजे पोराची पेटी चालू असणं म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत साडेतीन पाहुणे बसून असणं. मे महिन्यात. रात्री एकपर्यंत. आणि चहा घेऊनही न उठणं.

विजेचं सांगतो, कारण ते बिल माझ्या नावानं येतं. रोज चार तास धरले तर महिन्याला चाळीसेक युनिट. ते युनिट महावितरणच्या शंभरच्या स्लॅबवर टेकलेल्या घराला पुढच्या स्लॅबमध्ये ढकलायला पुरेसे आहेत. 'एफपीएस' नावाचा आकडा वाढला की पोरगं खूश होतं. त्याच्यासोबत वाढणारा दुसरा आकडा मला एसएमएसनं कळतो.

नागपूरकराला खरा धक्का देणारी गोष्ट पुढेच आहे. इंटरनेटवरचे कूलरचे परीक्षक आपापल्या वातानुकूलित खोलीत बसून, बाविशीच्या आसपासच्या हवेत मोजमाप करतात. कूलर खोलीच्या वर किती डिग्रीवर प्रोसेसर धरून ठेवतो, हा खरा निकाल. समजा खोलीच्या वर 45. त्यांच्याकडे प्रोसेसर 67 वर, मस्त. आमच्याकडे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, दुपारी बंद खोली 40 ला टेकते. झाले 85. आणि 7800एक्सथ्रीडीची कमाल मर्यादा 89. त्या रेषेला टेकला की तो जळत नाही, घाबरू नका. तो आपला वेग कमी करतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपुरातला कोणताही कर्मचारी जे करतो, तेच.

तेव्हा नागपुरात गेमिंगचा सर्वोत्तम कूलर कोणता, याचं उत्तर खिडकीत असतं. खिडकीतल्या पत्र्याच्या कूलरनं खोलीची हवा 40 वरून 30 वर आणली, की प्रोसेसरवर वेगळा खर्च न करता तो दहा डिग्रीनं खाली. दोन हजारांच्या हवेच्या कूलरवरून सोळा हजारांच्या पाण्याच्या कूलरवर गेलं तरी एवढ्या वॉटेजला दहा डिग्री मिळतीलच, याची खात्री नाही. फक्त पेटी कूलरच्या झोतात ठेवू नका. ताटी जास्त भिजली की तुषार उडतात, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके मदरबोर्डवर शोभत नाहीत. दमट हवेनं आत दव धरेल, ही भीती मात्र फुकटची. आतलं सगळं खोलीपेक्षा गरमच असतं, दव धरणार कशावर?

पाणीवाल्यांवर अन्याय नको. त्यांचीही बाजू आहे. इंटेलचा कोअर आय-9 14900के घ्या. खोक्यावर 125 वॉट, पण जोर लावला की 253 पर्यंत जायची त्याला कंपनीचीच मुभा. असला प्रोसेसर घेऊन कोणी तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करत असेल, तर हातभर रेडिएटर लागतोच. तिथे हमालही जास्त लागतात आणि गोदामही मोठं. दुसरं, पाणी तापायला वेळ घेतं, म्हणून जरासा ताण आला की पंखे बोंबलत नाहीत. हवेचा कूलर या बाबतीत आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्यासारखा, पानही हललं तरी भुंकणार. तिसरं, एनएच-डी15सारखा मनोरा पंख्यांसह सव्वा किलोच्या वर भरतो. मदरबोर्डला लटकलेलं ते वजन घेऊन पेटी एसटीनं पुण्याला होस्टेलवर न्यायची म्हणजे मांडीवर नारळाचं पोतं घेऊन बसणं. आणि चौथं, काही पेट्या इतक्या अरुंद असतात, की 165 मिलिमीटर उंचीचा कूलर आत मावतच नाही. काच लावताना कळतं. पत्रिका जुळली, उंची बघायची राहिली.

मोठ्यांनी हे खेळ पूर्वीच करून ठेवलेत. 1985 च्या क्रे-2 या महासंगणकात तर सर्किटंच थेट द्रवात बुडवली होती. द्रव विजेला वाहू न देणारा, म्हणून चाललं. 2004 मध्ये अॅपलनं पॉवर मॅक जी5च्या वरच्या मॉडेलात द्रवाचं शीतकरण दिलं आणि पुढे काही यंत्रांच्या पोटात गळती झाली. आजचे बंद नळीचे कूलर त्या मानानं फार सुधारले, गळणं क्वचितच. बहुतेकदा पंप जातो. हवेच्या कूलरमध्ये जाण्यासारखा भाग एकच, पंखा, आणि तो पाचपन्नास कमी-जास्त करून हजाराच्या आत मिळतो. तांबं-अॅल्युमिनियम तुमच्या नातवापर्यंत जाईल. प्रोसेसरचं सॉकेट बदलेल तेव्हा फक्त कूलर बसवायची पट्टी बदला.

एवढं सगळं बोलणं झाल्यावर पोरगं स्वतःच म्हणालं, "हवेचाच घेऊ." माझ्या युक्तिवादानं नाही. मिस्त्रीच्या त्या "मंग?"नं.

चार हजारांच्या आत आला. दोन मनोरे, सहा पाइप, दोन पंखे. पोरानं जमिनीवर सतरंजी टाकून ऑपरेशन मांडलं. प्रोसेसर आणि कूलर यांच्या मध्ये राखाडी लेप लावायचा असतो, म्हणजे धातूवरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचाखोचा भरून निघतात. तो वाटाण्याएवढा ठेवायचा की फुलीसारखा ओढायचा, यावरही पंथ आहेत म्हणे. मी म्हटलं, खर्ऱ्याला चुना लावतात तसा बोटानं लाव. त्यानं ऐकलं नाही. पण एक गोष्ट मात्र त्यानं माझी ऐकली, आणि तिथेच घोळ झाला.

कूलर उलटा केला तर तळाला आरशासारखं लखलखीत तांबं, त्यावर पातळ पारदर्शक पट्टी. तो ती सोलायला गेला.

"राहू दे रे," मी म्हणालो. "ओरखडे पडतील."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, ते आमच्या घरी आलेल्याला सांगावं लागत नाही. आमच्या टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक आहे. फ्रीजच्या दारावरची निळी पट्टी पाच वर्षं होती. ती काढली त्या दिवशी फ्रीज परका वाटला. स्कूटरची सीट अजून पारदर्शक कव्हरात आहे, आणि मे महिन्यात तिच्यावर बसणं ही माझी रोजची वैयक्तिक हीट टेस्ट आहे. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं म्हणजे ती जुनी करायला सुरुवात करणं, अशा संस्कारात मी वाढलो. पोरगं बोलण्याच्या नादात होतं. लेप लावला, कूलर टेकवला, स्क्रू आवळले.

चालू केल्यावर गेमसुद्धा न लावता तापमान चढू लागलं. साठ. सत्तर. ऐंशी. पोरानं गेम लावला, तर 89 ला जाऊन चिकटलं आणि हललंच नाही. दोन्ही पंखे विमान उडाल्यासारखे. पोराचा चेहरा उतरला. "पाणीवालाच घ्यायला हवा होता," असं ते हळूच म्हणालं आणि मिस्त्रीच्या, ग्रोव्हरच्या आणि माझ्या इभ्रतीचा एकदमच प्रश्न आला.

हिनं दारातून विचारलं, "काही काढायचं राहिलं का? तुझ्या बाबांना विचार. त्यांचं काढायचं राहतंच."

स्क्रू उघडले. कूलर उचलला. तळाला लेप छान पसरलेला होता, वाटाण्याची पोळी झालेली. फक्त ती पसरली होती प्लास्टिकवर. पोरानं लेप पुसला, तेव्हा पट्टीवरची लाल इंग्रजी अक्षरं दिसली: बसवण्यापूर्वी काढून टाका. पोरगं काही बोललं नाही. त्यानं ती पट्टी सोलली आणि माझ्या हातात दिली. मी ती फेकली नाही. सवय.

नंतर सगळं नीट झालं. गेममध्ये प्रोसेसर आता सत्तरच्या आसपास असतो, पंख्यांचा आवाज दाराबाहेर येत नाही. पडदा नाही, गणपती नाही, निळ्या केसांची मुलगी नाही. फक्त पहिल्याच रात्री पोराच्या लक्षात आलं, की खोली तापतेय. मग त्यानं टेबल फिरवून पेटीची पाठ दाराकडे केली, दार उघडं टाकलं. आता साडेतीन पाहुणे थेट हॉलमध्ये येतात.

हॉलमध्ये मी बसून हे लिहितोय. समोरून नव्या ताटीचा ओला वाळ्याचा वारा, पाठीवर रायझन 7. मधल्या भागात मी. मिस्त्रीचा पंप आत्ताच एकदा घरघरला, म्हणजे टाकीतलं पाणी खाली गेलंय. हिनं स्वयंपाकघरातून आवाज दिलाय. पोराला तो ऐकू गेलेला नाही, त्याच्या कानावर हेडफोन आहे. बादली मोरीत आहे, मी उठतो.